नागपूरच्या थंडीत हिरवळ कशी सांभाळावी

डिसेंबर लागला, लॉन पिवळं पडू लागलं, की नागपुरात बहुतेक जण दोनच गोष्टी करतात: पाणी वाढवतात आणि युरिया फेकतात. गवत उपाशी आहे असा समज. खरं तर ते झोपलेलं असतं. अंगणातलं लॉन असो की गोल्फचं मैदान, आपल्याकडे सहसा हरळी किंवा तिच्याच सुधारित जाती असतात. ही उन्हाची गवतं. जमिनीचं तापमान १५ अंशांच्या खाली उतरलं की वाढ जवळपास थांबते, १० च्या आसपास पानांचा रंग जातो. मुळं मात्र जिवंत असतात.

गुलमर्गचं गोल्फ मैदान अडीच हजार मीटरहून उंचावर आहे आणि हिवाळाभर बर्फाखाली असतं. तिथल्यासारख्या हवेत भुसभुशीत बर्फाचं फारसं भय नसतं, उलट तो जमिनीतली ऊब धरून ठेवतो. गवत मरतं ते साचलेलं पाणी गोठून वर टणक थर बसला आणि हवा कोंडली की, नाहीतर बर्फाखाली बुरशी धरली की. म्हणून पाण्याचा निचरा आणि बुरशीनाशकाची फवारणी पहिल्या बर्फाआधीच उरकावी लागते. नागपुरात बर्फ नाही, पण कामाचा हंगाम तोच: थंडीच्या आधी.

तर सुरुवात ऑक्टोबरात, पाऊस गेला की लगेच. आपली काळी माती ओली असताना फुगते, सुकली की आकसते, आणि पावसाळाभर तुडवून तिचा वरचा थर घट्ट झालेला असतो. माती ओलसर असताना (चिखल नको) दाताळ्याने चार-चार बोटांवर बोटभर खोल भोकं पाडा. मेलेल्या काड्यांचा थर साचला असेल तर तोही ओरबाडून काढा. मग धुतलेली, चाळलेली नदीची वाळू आणि मुरलेलं शेणखत मिसळून पातळ थर द्या आणि झाडूने भोकांत लोटा. कन्हानची वाळू मिळाली तर उत्तमच. गवताची टोकं वर दिसली पाहिजेत. वर्षाकाठी एकच काम करायची तयारी असेल तर हेच करा, बाकीचं सोडलं तरी चालेल.

खताचं थोडक्यात: युरियाचा शेवटचा हात ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, चौरस मीटरला ५ ग्रॅम. सोबत म्युरेट ऑफ पोटॅश १० ग्रॅम, आणि लगेच भरपूर पाणी, नाहीतर पानं करपतात. पुढे फेब्रुवारीपर्यंत युरियाची गोणी बांधून ठेवा.

नोव्हेंबरपासून मोवरचं पातं वर घ्या. अंगणातलं लॉन एरवी इंचभर कापत असाल तर दीड इंच ठेवा. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त पान कापू नका.

पाणी सकाळी, ऊन आल्यावर द्या. संध्याकाळी दिलं तर गवत रात्रभर ओलं राहतं. रोज शिंपडण्यापेक्षा चार-सहा दिवसांनी खोलवर द्या. गरज आहे की नाही हे कळायला जमिनीत स्क्रूड्रायव्हर खुपसा. सहज गेला तर थांबा. पण जमीन भेगाळेपर्यंत वाटही पाहू नका, कारण काळ्या मातीच्या भेगा मुळंच तोडतात.

सकाळचं दव झाडणं हे गोल्फच्या माळ्यांचं जुनं काम. लांब बांबू किंवा पाण्याचा पाईप दोघांनी धरून गवतावरून ओढायचा. पानं लवकर सुकली की बुरशीला वाव कमी. दवात कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे आणि खाली रुपयाएवढे वाळके ठिपके दिसले, तर बुरशी आली समजा.

२९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. हवा इतकी गार असते तेव्हा गवताच्या पात्यावरचं तापमान शून्याच्याही खाली जाऊ शकतं. पानं पांढरी, कडक दिसली तर ऊन लागून ती मोकळी होईपर्यंत कोणालाही त्यावर चालू देऊ नका, सकाळी फिरायला येणाऱ्या काकांनाही नाही. गोठलेलं पान पायाखाली चुरडतं आणि पावलांचे तपकिरी ठसे मागे राहतात.

हिवाळ्यातही हिरवंच हवं, घरात लग्न आहे वगैरे, तर राय गवत पेरा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हरळी बारीक कापा, चौरस मीटरला ३० ग्रॅम बी विस्कटा, वर वाळूचा हात फिरवा आणि उगवेपर्यंत दिवसातून दोन-तीनदा हलकं पाणी द्या. आठवडा-दहा दिवसांत कोंब येतात. साध्या अंगणाला मात्र हा खर्च मला पटत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी हेच राय हरळीच्या वाट्याचं ऊन-पाणी खातं. तेव्हा पाणी तोडा, पातं खाली घ्या आणि त्याला हटवा. हरळीत हिरवे फुटवे दिसले की मगच युरियाची गोणी उघडा.