आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: जुन्या पिकअप आणि जीपच्या कामात या चुका टाळा

मे महिन्यात भर दुपारी सोलापूरहून तुळजापूरला निघालात, तर घाटाच्या चढाला बॉनेट उघडून उभी असलेली एखादी तरी जुनी पिकअप दिसते. हौद्यात माल, ड्रायव्हरच्या हातात पाण्याचा कॅन आणि रेडिएटरच्या तोंडातून वाफ. काही वर्षांपूर्वी त्याच चढाला मी तसाच उभा होतो. आमच्या पिकअपचं वय तेव्हा बारा वर्षं. त्याआधीच्या दोन महिन्यांत मी वॉटर पंप बदलला होता, बेल्ट नवा टाकला होता, रेडिएटर खोलून साफ करून घेतला होता. तरी गाडी तापतच होती. शेवटी होटगी रोडवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी काहीही न खोलता नुसतं रेडिएटरचं झाकण हातात घेतलं आणि त्याचं रबर नखानं दाबून मला दाखवलं. वाळलेल्या चामड्यासारखं कडक, एका बाजूला चीर. मग त्यांनी वरची नळी सोडवून थर्मोस्टॅटचं घर उघडलं. आत थर्मोस्टॅट नव्हताच. गाडी माझ्याकडे येण्याआधीच कुणीतरी तो काढून टाकला होता.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तेव्हापासून जुन्या गाड्यांचं काम करताना हीच म्हण माझ्या डोक्यात असते. एमएम ५४०, मेजर, कमांडर, टाटा २०७, सुरुवातीच्या बोलेरो पिकअप या गाड्या वयापेक्षा चुकीच्या जागी केलेल्या उपायांनीच लवकर भंगारात जातात. यातल्या बहुतेक डिझेल गाड्यांचा इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप पूर्ण यांत्रिक असतो. बिघाड सांगणारा संगणक त्यांच्यात नाही. त्यामुळे आपण कारण न शोधता काहीतरी बदललं, तर गाडी गप्प राहते आणि भार दुसऱ्या भागावर ढकलते.

तापते म्हणून थर्मोस्टॅट काढणं

"आपल्या गरम मुलखात थर्मोस्टॅट लागत नाही," हे वाक्य मी इतक्या गॅरेजांत ऐकलंय की नव्या पोरांना तो नियमच वाटतो. थर्मोस्टॅटचं काम इंजिन ठरावीक तापमानाला धरून ठेवण्याचं आहे. तो नसला की हिवाळ्यात सकाळी इंजिन बराच वेळ थंडच चालतं, डिझेल नीट जळत नाही, लायनरवरून, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीवरून, खाली उतरून ऑइल पातळ करतं. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा रस्ताही बंद करतो. अशा इंजिनातून तो काढला, की गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरकडे न जाता तसाच इंजिनात फिरत राहतो. मग चढाला, भरल्या गाडीत, गाडी उलट जास्तच तापते. आमचं तेच झालं होतं.

थर्मोस्टॅट तपासणं घरी जमतं. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्यानं बांधून त्यात लोंबकळत ठेवा, पातेलं गॅसवर चढवा. त्याच्या अंगावर ८२ किंवा तसा अंशांचा आकडा कोरलेला असतो. पाणी त्या आकड्याच्या आसपास आलं की मधली तबकडी हळूहळू वर सरकायला लागते. पाणी खळखळ उकळलं तरी हलली नाही, तर नवा आणा. माझ्या मुलीनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पातेल्यापासून हलायला तयार नव्हती.

तापणाऱ्या गाडीत शोध स्वस्त गोष्टीपासून सुरू करा. गाडी थंड असताना पाण्याची पातळी पाहा, मग झाकणाचं रबर. झाकण सुमारे एक बार दाब धरत असेल, तर आतलं पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. रबर गेलं की हा फायदाही गेला. मग बेल्टचा ताण. मग रेडिएटरच्या जाळ्या. आपल्याकडे उसाचं पाचट, गवताचं बी आणि रस्त्याची धूळ जाळीत घट्ट बसते, आणि एसी असेल तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत, जिथं नजर पोचत नाही, तिथं सगळ्यात जास्त. पाणी आतून बाहेर मारा. एवढं करून सगळं ठीक निघालं आणि गाडी तरीही पाणी खात असेल, तर थंड इंजिन झाकण न लावता चालू करून रेडिएटरच्या तोंडात पाहा. सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलकडे, लक्ष द्या.

बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. चहाच्या पातेल्याच्या तळाला जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घाला. आणि गाडी उकळली की लगेच गार पाणी ओतायचं नाही. हेडला तडा जातो. सावलीत उभी करा, अर्धा-पाऊण तास थांबा. घाई असते हे मला ठाऊक आहे, पण त्या घाईची किंमत हेडच्या किमतीएवढी असते.

ओढत नाही म्हणून पंप वाढवणं

मला सगळ्यात जास्त चीड येते ती या प्रकाराची. गाडीची ओढ कमी झाली की डिझेल पंपाचं सील तोडायचं आणि स्क्रू फिरवून डिझेल वाढवायचं. दोन दिवस गाडी पळते, मालक खूष. मागून निघणारा काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, म्हणून एक्झॉस्टचं तापमान चढतं, पिस्टनचा माथा भाजतो, हेडवर ताण येतो, आणि पीयूसीत गाडी नापास होते ती वेगळीच.

ओढ कमी होण्याची कारणं बहुतेक वेळा पंपात नसतात. आधी एअर फिल्टर पाहा. जुन्या जीपला ऑइल बाथ फिल्टर असतो. खालच्या वाटीतलं ऑइल खुणेपर्यंत आहे का आणि तळाला किती गाळ साचलाय ते पाहा. कागदी फिल्टर असेल तर हवा आतून बाहेर मारा. बाहेरून मारली तर धूळ कागदात आणखी खोल रुतते. मग डिझेल फिल्टरमधलं पाणी काढा. मग टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हची फट, मग डिझेल फवारणारी नोझल.

आणि एक तपासणी जवळजवळ कुणीच करत नाही: ब्रेक धरून राहिलाय का? एकेक चाक जॅकवर उचला, गिअर न्यूट्रलला ठेवून हातानं फिरवा. किंवा वीस किलोमीटर गाडी चालवून आल्यावर प्रत्येक ड्रमजवळ तळहात न टेकवता धरा. एकच ड्रम तव्यासारखा तापला असेल, तर तुमची ओढ तिथं चाललीय. गेल्या उन्हाळ्यात दाजींची जीप याच एका गोष्टीनं सुधारली. व्हील सिलेंडर अडकला होता, आणि पंप खोलायची वेळ ठरलेली होती.

पाटे वाढवताना ब्रेक विसरणं

कांद्याच्या हंगामात मार्केट यार्डाकडे येणाऱ्या पिकअप पाहिल्या, की निम्म्यांचे मागचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, वाढवलेले दिसतात. हौदा खाली बसत नाही, म्हणून मालक निश्चिंत. पण बऱ्याच पिकअपला मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा एक व्हॉल्व्ह असतो. तो चासीवर बसवलेला असतो आणि त्याची दांडी मागच्या ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला, गाडी खाली बसली, की दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. तुम्ही पाटे वाढवले, गाडी भरूनही उंच राहिली, की व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीच. मागचा ब्रेक कमी लागतो, सगळा भार पुढच्या ब्रेकवर. तुळजापूरचा घाट उतरताना पुढून जळका वास येतो तो त्यामुळे. काही जण व्हॉल्व्ह काढून नळी थेट जोडतात. मग पावसात रिकामी गाडी ब्रेक मारताच मागून घसरते. पाटे बदलले असतील तर दांडीची जुळणी पुन्हा करून घ्या. आणि पाटे वाढवल्यानं गाडीची मंजूर भारक्षमता वाढत नाही, कागदावरही नाही आणि ॲक्सलमध्येही नाही.

पाट्यांचं काम झाल्यावर पाटे ॲक्सलला आवळून धरणारे जुनेच यू बोल्ट पुन्हा वापरू नका. नवे टाका आणि शंभर-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. सैल यू बोल्टमुळे सेंटर बोल्ट तुटतो, ॲक्सल सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते.

ब्रेक ऑइलचंही इथंच सांगतो. ते हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी धरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० वर येते. लांब उतारावर पेडल मऊ पडून खाली जातं ते यामुळे. दर दोन वर्षांनी बदला.

मोठे टायर आणि हलणारं स्टिअरिंग

२१५/७५ आर १५ च्या जागी ३१ इंची टायर टाकला की चाकाचा व्यास सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६७ वर असते, आणि प्रत्येक गिअर तेवढाच लांब झाल्यामुळे क्लचवर भार येतो. दिसायला गाडी छान दिसते, हे मीही मान्य करतो. पण गिअरिंग न बदलता जायचंच असेल तर २३५/७५ पर्यंत थांबा; तिथं फरक ४ टक्के आहे.

मोठ्या टायरनंतर साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं, तर लगेच धक्के शोषणारा स्टिअरिंग डॅम्पर बसवू नका. डॅम्पर थरथर झाकतो, सैल झालेला भाग सैलच राहतो. चाकं जमिनीवर असू द्या, एकानं स्टिअरिंग थोडं डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्यानं खाली आडवं होऊन एकेका जॉइंटवर बोटं ठेवायची. टाय रॉड एंड, किंगपिन बेअरिंग, आणि पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या शॅकलचे बुश. ढिलेपणा बोटाला कळतो. पुढे पाटे असलेल्या जीपला लांब शॅकल लावून उंची वाढवली असेल तर कॅस्टर कोन, म्हणजे किंगपिनचा पुढे-मागे असलेला कल, बिघडलेला असतो. पाट्याखाली योग्य कोनाची पाचर बसवून तो परत आणावा लागतो.

काळ्या रानात

मंगळवेढ्याकडची काळी जमीन ज्यांनी पावसात पाहिलीय त्यांना सांगायला नको. वाफसा आल्याशिवाय औत घालत नाही, तसं वाफसा आल्याशिवाय गाडीही घालू नये. घालावीच लागली तर फोर व्हील चिखलात शिरण्याआधी लावा, रुतल्यावर नव्हे. जुन्या जीपला पुढच्या चाकांचे हब हातानं लॉक करावे लागतात. नुसता लिव्हर ओढून पुढची चाकं ओढत नाहीत. आणि पाणंद संपून डांबरी आली की फोर व्हील काढा. कोरड्या रस्त्यावर वळताना पुढची आणि मागची चाकं वेगळं अंतर कापतात, तो पीळ पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसमध्ये साठतो आणि लिव्हर अडकून बसतो. अडकलाच तर गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, पीळ सुटतो.

ओढ्यातून गेल्यावर डिफरन्शियलचं ऑइल पाहा. गरम हौसिंग पाण्यात शिरलं की आतली हवा आक्रसते. हवा आत-बाहेर जाण्याचा ब्रीदर चिखलानं बुजलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर लगेच बदला. बदलताना सगळीकडे एकच नव्वद नंबर ऑइल ओतू नका. डिफरन्शियलला जीएल ५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं, पण जुन्या गिअरबॉक्सच्या पितळी रिंगांना त्यातली काही रसायनं खातात. तिथं जीएल ४.

दिवे आणि कागद

१०० वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर साधारण १७ अँपिअर ओढतात. जुन्या डॅशबोर्डच्या स्विचमधून एवढा करंट नेला तर स्विच वितळतो. रिले बसवा, जाड वायर घ्या, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ ठेवा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलंय. समोरच्या क्रॅश गार्डवर कारवाई करा, असं केंद्रीय परिवहन मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं. आठ वर्षांवरच्या मालवाहू पिकअपला दरवर्षी फिटनेस लागतं, खासगी जीपला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. म्हणून काढलेले मूळ पाटे, चाकांच्या मूळ डिस्क, मूळ बंपर भंगारात देऊ नका. ऑइल लावून, गोणपाटात गुंडाळून ठेवा.