ब्रुजमध्ये लेस घेताना आधी कोपरा बघा

बेल्जियममधल्या ब्रुजला दुकानादुकानांत लेस टांगलेली दिसते, पण ‘हातची’ म्हणून गळ्यात मारतात त्यातली बरीचशी मशीनची असते. बॉबिन लेसचा, म्हणजे छोट्या रिळांवरचे धागे एकमेकांत गुंफून विणलेल्या लेसचा, रुमाल हातात आला की आधी त्याचा कोपरा बघा. उशीवर टाचण्या टोचून विणणारी बाई नक्षीच कोपऱ्यावर वळवते, जाळी न तुटता सलग पुढे जाते. बार्मेन मशीन, म्हणजे अशी लेस विणणारं यंत्र, सरळ पट्टीच काढतं. मग कोपऱ्यावर चुण्या तरी पाडतात, नाहीतर पट्टी कापून शिवतात. नुसत्या विणीवरून ओळखायला जाल तर फसाल, कारण हे मशीनही धागे एकमेकांवरून फिरवतं आणि हुबेहूब नक्कल करतं.

भरीव पानाफुलांवर भिंग धरा. धागे कापडासारखे खाली-वर गेलेले हवेत; शिलाईसारखे एकावर एक चढलेले, पिंजारलेले असले तर ते मशीनचं भरतकाम. तयार फीत वळवून हाताने टाचलेली लेसही ‘हँडमेड’ म्हणून खपवतात, अर्धसत्यच ते! खरेदीआधी बाल्स्ट्राटवरच्या कांटसेंट्रुम या लेस संग्रहालयात जाऊन अस्सल नमुने बघून घ्या.