रोल चढवण्याआधी : मोठ्या प्रिंटचा कागद निवडताना आणि वापरताना

मोठ्या आकाराच्या प्रिंटिंगच्या कामाला नव्याने लागलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सगळ्यात चांगला कागद कोणता?" मी उलट चार गोष्टी विचारतो. मशीनमध्ये शाई कोणती आहे, प्रिंट कुठे लागणार आहे, बघणारा किती लांब उभा राहणार आहे आणि प्रिंट किती काळ टिकायला हवा? एवढं कळलं की कागदांच्या लांबलचक यादीतली बरीचशी नावं आपोआप गळतात आणि दोन-तीनच उरतात. त्यातून निवड करणं मग सोपं असतं.

या कामात बरीच वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. कागद निवडणं हे अर्धंच काम. तो कागद कोणता आहे हे मशीनला खरंखरं सांगणं हे उरलेलं अर्धं. काही मशिनं रोलवरचा बारकोड वाचतात, पण बहुतेक वेळा तुम्ही मेनूत जे नाव निवडाल, तोच कागद समोर आहे असं धरून मशीन शाई सोडतं. त्या एका नावावर शाईचं प्रमाण, वाळण्यासाठी थांबायचा वेळ, शाई सोडणाऱ्या हेडची उंची, कागद खाली धरून ठेवणारं सक्शन आणि प्रत्येक फेरीला कागद किती पुढे सरकवायचा, हे सगळं ठरतं. पातळ बाँड कागद (साधा, थर नसलेला) चढवून मेनूत फोटो पेपर निवडला, तर शाई गरजेपेक्षा जास्त पडते, कागदाला लाटा येतात, लाटेचा उंचवटा हेडला घासतो आणि प्रिंटवर काळे ओघळ उमटतात. कागद चांगला, मशीन चांगलं, तरी काम वाया.

आधी शाईचं बघू, कारण सगळं तिथून सुरू होतं. घरातल्या किंवा ऑफिसातल्या इंकजेट प्लॉटरमध्ये, म्हणजे रोलवर छापणाऱ्या मोठ्या प्रिंटरमध्ये, पाण्यावर आधारलेली शाई असते आणि तिचे दोन प्रकार आहेत: डाय आणि पिगमेंट. डायमध्ये रंग विरघळलेला असतो, त्यामुळे तो कागदाच्या थरात आत शिरतो. पिगमेंटमध्ये रंगाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि ते वरच्या बाजूला बसतात. डाय रंगाला झळाळी असते. पिगमेंट उजेडाला आणि पाण्याला जास्त तोंड देतं. कागदावरचा थरही दोन तऱ्हेचा मिळतो. एक शाई शोषून फुगणारा. तो डायसाठी चांगला, पण पिगमेंटचे कण त्यावर नीट धरत नाहीत. दुसरा मायक्रोपोरस, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांचा. तो दोन्ही शायांना चालतो आणि हात लावण्याइतका पटकन कोरडा होतो. रोलच्या खोक्यावर कोणत्या शाईसाठी हे लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय खोकं फोडू नका.

पिगमेंट मशीनमध्ये काळ्या शाईच्या दोन बाटल्या दिसल्या तर नवखा माणूस गोंधळतो. मॅट ब्लॅक ही मॅट (चमक नसलेल्या) आणि आर्ट पेपरसाठी, फोटो ब्लॅक ही ग्लॉसी (चकचकीत) आणि सॅटिन, लस्टर (मंद चमकीच्या) कागदांसाठी. मॅट कागदावर फोटो ब्लॅक मारली तर काळा राखाडी दिसतो. चकचकीत कागदावर मॅट ब्लॅक मारली तर ती बोटाने पुसली जाते. तरीही मॅट कागदाचा काळा ग्लॉसीइतका खोल कधीच जात नाही, हे आधीच समजून घ्यावं. मॅटवर काळ्याची घनता साधारण १.६ च्या आसपास थांबते, चकचकीत फोटो पेपरवर ती २ च्या पुढे जाते. १.६ म्हणजे पडलेल्या प्रकाशातला सुमारे अडीच टक्के परत येतो, २ म्हणजे एकच टक्का. आकडे लहान वाटतात, पण रात्रीच्या दृश्याच्या फोटोत हा फरक लगेच डोळ्यांत भरतो.

पण म्हणून मॅटला कमी लेखू नका. काचेमागे न जाणारा, दिव्याखाली लटकणारा, लोक बाजूने येऊन वाचणार असलेला प्रिंट असेल तर मी डोळे मिटून मॅट घेतो. चकचकीत कागदावर दिव्याचं प्रतिबिंब पडतं आणि मजकूर वाचायला माणसाला मान हलवावी लागते. फोटोचं प्रदर्शन असेल तर सॅटिन किंवा लस्टर हा मधला मार्ग आहे: काळा खोल मिळतो आणि चमक त्रास देत नाही. ग्लॉसी शेवटी ठेवा. त्यावर बोटांचे ठसे, धूळ, बारीक ओरखडे सगळं उठून दिसतं. हात बसल्याशिवाय तो हाताळणं अवघड आहे.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. त्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवली की पुरे. ए-० आकाराचं क्षेत्रफळ बरोबर एक चौरस मीटर असतं, त्यामुळे १८० जीएसएमच्या ए-० प्रिंटचं वजन १८० ग्रॅम. रेखाटनं आणि नकाशांना ८० ते ९० जीएसएमचा बाँड चालतो. रंगीत पोस्टरला १२० ते १८० चा कोटेड मॅट, फोटोला साधारण १९० ते २६० चा फोटो पेपर, कलाकृतींच्या प्रतींना ३०० च्या आसपासचा कॉटन पेपर. पण जीएसएम म्हणजे जाडी नव्हे. एकाच वजनाचे दोन कागद जाडीत बरेच वेगळे असू शकतात आणि हेडच्या उंचीला जाडीशी देणंघेणं असतं, वजनाशी नाही. जाडी खोक्यावर मायक्रॉनमध्ये किंवा मिलमध्ये देतात. एक मिल म्हणजे २५.४ मायक्रॉन.

रोलची रुंदी निवडताना ए मालिकेचं गणित डोक्यात असू द्या. ए-१ ची मापं ५९४ गुणिले ८४१ मिलिमीटर, ए-० ची ८४१ गुणिले ११८९. २४ इंची रोल ६१० मिलिमीटरचा, म्हणजे ए-१ उभा बसतो आणि दोन्ही बाजूंना जेमतेम ८ मिलिमीटर उरतात. ३६ इंची रोल ९१४ मिलिमीटरचा. त्यावर ए-० उभा बसतो आणि ए-१ आडवा. याच रोलवर ए-१ उभा छापला तर प्रत्येक प्रतीला ८४१ मिलिमीटर लांबी जाते, आडवा फिरवला तर ५९४ च. ३०.५ मीटरच्या रोलमधून कापण्याची सूट न धरता उभे ३६ निघतात आणि आडवे ५१. मजकूर तोच, शाई तीच. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकातल्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये, फक्त दिशा फिरवायची. कोअरचा, म्हणजे रोलच्या मधल्या नळीचा, व्यासही बघा: दोन इंची आणि तीन इंची असे दोन प्रचलित आहेत. तीन इंची कोअरला स्पिंडलवर (रोल ज्यावर बसतो त्या दांड्यावर) अडॅप्टर लावावा लागतो आणि तो नसेल तर रोल डगडगतो.

अंतराचा हिशोब कागदाच्या निवडीतही उपयोगी पडतो. निरोगी डोळा साधारण एक कलामिनिटाइतका (अंशाच्या साठाव्या भागाइतका) तपशील वेगळा ओळखतो. म्हणजे ३० सेंटिमीटरवरून बघायच्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेलच्या जवळपास लागतात, १ मीटरवरून ९० च्या आसपास आणि ३ मीटरवरून ३० ही पुरतात. लांबून बघायच्या पोस्टरला बारीक तपशील धरणारा महागडा फोटो पेपर घेणं म्हणजे गुण वाया घालवणं. मात्र पोस्टर जिन्यात किंवा दाराशी लागणार असेल, तर लोक त्याच्या अगदी जवळून जातील. तेव्हा हिशोब जवळच्या अंतराचा धरा.

आता रोल चढवणं. नवे लोक हे काम घाईने उरकतात आणि मग तासभर बँडिंगचं (प्रिंटवर उमटणाऱ्या पट्ट्यांचं) कारण शोधत बसतात. हात धुऊन कोरडे करा किंवा सुती हातमोजे घाला. रोल टेबलावर आडवा ठेवून त्याच्या दोन्ही कडा बघा. थर एकावर एक सरळ असायला हवेत. एखाद्या बाजूला ते सरकून बाहेर आलेले असतील तर रोल उभा करून सपाट पृष्ठावर हलक्या हाताने ठोकून बसवा. स्पिंडलच्या टोपीपर्यंत रोल पूर्ण आत ढकला. टोपी आणि रोल यांच्यात नखाएवढी फट राहिली तरी कागद तिरका खेचला जातो. पहिल्या अर्ध्या मीटरला ते कळत नाही, दोन मीटरनंतर एक कड सैल पडते आणि मधे फुगवटा उठतो. कागदाचं पहिलं टोक सरळ कापलेलं असावं. वाकलेलं, दुमडलेलं, टेपचा चिकटा लागलेलं टोक तसंच आत घालू नका, कापून टाका.

छापायची बाजू कोणती हे कळत नसेल, तर कोपऱ्यात ओलसर बोट टेकवून बघा. थर असलेली बाजू बोटाला किंचित चिकटते.

कॉटन आणि इतर आर्ट पेपरबाबत एक खास सूचना. या कागदांच्या पृष्ठावर तंतूंचा बारीक भुसा असतो. छपाईच्या वेळी तो कागदावरच असतो, शाई त्याच्यावर पडते आणि नंतर तो झडला की खाली पांढरा ठिपका उरतो. गडद आकाशात असे चार ठिपके आले की अख्खा प्रिंट गेला. म्हणून छापण्याआधी कागद थोडा उलगडून मऊ, रुंद ब्रशने झाडून घ्या. ब्रश याच कामासाठी वेगळा ठेवा. अशा कागदावर आणि कॅनव्हासवर मशीनचा आपोआप चालणारा कटर बंद ठेवलेला बरा. पातं बोथट होतं आणि कापताना उडालेला भुसा मशीनच्या आत जातो. कात्री किंवा हाताचं पातं वापरा.

हवेतल्या ओलाव्याकडे लक्ष द्या. कागदाच्या चाचण्यांसाठीच्या आयएसओ १८७ या मानकात २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता धरलेली आहे, आणि छपाईच्या खोलीतही त्याच्या आसपास राहता आलं तर कागद नीट वागतो. दुसऱ्या खोलीतून आणलेला रोल एक दिवस तरी छपाईच्या खोलीत राहू द्या. हवा फार कोरडी असेल तर कागदाच्या कडा वर वळतात आणि हेडला लागतात. दमट असेल तर कागद फुगतो आणि शाई वाळायला वेळ घेते. मापाचं काम असेल तर हे आणखी महत्त्वाचं. ओलाव्याने कागद तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त पसरतो, आणि रोलमध्ये तंतू लांबीच्या दिशेने असल्यामुळे रुंदीत फरक जास्त पडतो. प्रमाणात काढलेल्या नकाशाच्या रोलवर आधी एक मीटरची उभी आणि अर्ध्या मीटरची आडवी रेघ छापून पोलादी पट्टीने मोजा. लांबीत फरक असेल तर मशीनचं फीड कॅलिब्रेशन करून घ्या, म्हणजे कागद पुढे सरकवण्याचं माप जुळवून घ्या. माप काटेकोर राहायलाच हवं असेल, तर कागद सोडा आणि पॉलिस्टर फिल्म घ्या.

रंगांसाठी आयसीसी प्रोफाइल, म्हणजे रंग बरोबर कसे उमटवायचे हे सांगणारी फाइल. ते एका कागदाचं नसतं. कागद, शाई, मशीन आणि मेनूतलं सेटिंग या चौघांचं मिळून असतं. त्यातलं एक बदललं की प्रोफाइल निरुपयोगी. प्रोफाइल लावलंत की रंगांचं रूपांतर एकाच जागी होऊ द्या: सॉफ्टवेअरमध्ये करत असाल तर ड्रायव्हरमधलं बंद करा. दोन्हीकडे चालू राहिलं की चेहरे लालसर येतात आणि माणूस उगाच कागदाला दोष देतो.

कागदाच्या पांढरेपणाला भुलू नका. खूप निळसर पांढरे दिसणारे कागद बहुधा ऑप्टिकल ब्राइटनरमुळे तसे दिसतात. हे ब्राइटनर अतिनील किरणं शोषतात आणि निळा प्रकाश बाहेर टाकतात. खिडकीपाशी कागद शुभ्र दिसतो; अतिनील किरणं नसलेल्या एलईडीखाली तोच पिवळसर वाटतो, आणि ब्राइटनर हळूहळू निकामी झाल्यावर मूळचा रंग वर येतो. महिनाभराच्या पोस्टरला याने काही बिघडत नाही. जपून ठेवायच्या छायाचित्राला मी ब्राइटनर नसलेला, आम्लरहित कॉटन किंवा अल्फा सेल्युलोज (शुद्ध केलेल्या लाकडी लगद्याचा) कागदच सुचवतो, मग तो सुरुवातीला थोडा मळकट वाटला तरी.

बाहेर, उन्हापावसात लागणारं काम यातल्या कोणत्याच कागदाचं नाही. त्याला फ्लेक्स किंवा व्हिनाइल आणि सॉल्व्हंट, लेटेक्स किंवा यूव्ही शाईचं मशीन लागतं. लॅमिनेशन केलेला कागदही कडेने पाणी पितो, तेव्हा त्या भरवशावर बाहेरचं काम घेऊ नका.

प्रिंट बाहेर आला की लगेच गुंडाळू नका. प्लास्टिकचा थर असलेला आरसी फोटो पेपर हाताला कोरडा लागला तरी शाईतले द्रव हळूहळू बाहेर पडत असतात. तो लगेच फ्रेममध्ये घातला तर काचेच्या आतून धुरकट थर धरतो. निदान एक दिवस तो सपाट, उघडा ठेवा, वर साधा कोरा कागद पसरून. तो कागद मधून मधून बदला. लॅमिनेशनही त्यानंतरच. कॅनव्हास गुंडाळायचा असेल तर छापलेली बाजू बाहेर ठेवून, जाड नळीवर. आत ठेवली तर थराला बारीक चिरा पडू शकतात.

रोल संपत आला की कागद कोअरचा वळ धरतो आणि टोकं हेडकडे उठतात. हे शेवटचे काही मीटर मी महत्त्वाच्या कामाला वापरत नाही. नोझल चेक (शाईची छिद्रं तपासणारा नमुना), रंगाच्या पट्ट्या, मापाच्या रेघा यांना ते उत्तम. अर्धा वापरलेला रोल काढताना टोक सैल सोडू नका, मूळ पिशवीत घालून आडवा ठेवा आणि कोअरच्या आतल्या बाजूला पेन्सिलने कागदाचं नाव, जीएसएम, मेनूत निवडलेलं सेटिंग आणि उरलेली लांबी लिहा. पांढरे रोल बाहेरून सगळे सारखेच दिसतात, आणि पुढच्या वेळी मशीनला काय सांगायचं ते त्या चार शब्दांतच सापडतं.