अप्लाइड मॅथ्सची पदवी करताना मी काय करायला हवं होतं

अप्लाइड मॅथ्सला प्रवेश घेतला तेव्हा मनात म्हटलं, सुटले बाई प्रूफ्समधून, म्हणजे सिद्धता लिहिण्यातून! पहिल्याच सेमिस्टरला हा भ्रम उतरला. प्रूफ्स इथेही असतात, फक्त ती कशासाठी लागतात ते दिसायला वेळ लागतो.

पहिल्या वर्षी कॅल्क्युलसची काळजी सगळेच करतात. तुम्ही लिनिअर अल्जिब्राची करा. तीन बाय तीनची मॅट्रिक्स हाताने सोडवताना तो नुसता आकडेमोडीचा विषय वाटतो, आणि तिथेच फसायला होतं. मला आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्स ठरावीक दिशांना किती पट ताणते ते आकडे) काढता यायच्या, पण त्या कशासाठी असं कुणी विचारलं की मी गप्प. पुढच्या वर्षी डिफरन्शियल इक्वेशन्स, म्हणजे बदलाच्या दराची समीकरणं, आल्या. लिनिअर सिस्टीम शून्याकडे परतते की हाताबाहेर जाते, हे त्याच आयगेनव्हॅल्यूंच्या वास्तव भागाच्या चिन्हावर ठरतं म्हटल्यावर जुनी वही काढून सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं.

प्रोग्रॅमिंग पहिल्या महिन्यापासून शिका. भाषा कोणतीही चालेल, पायथॉन सोयीची. मात्र तयार फंक्शन वापरण्याआधी ती पद्धत एकदा स्वतः लिहून बघा. शिवाय कोड चालवायच्या आधी चार पायऱ्या कागदावर करा. ही सवय मला एका रात्रीने लावली. इक्वेशन साधं होतं: वायच्या बदलाचा दर उणे ५० गुणिले वाय, सुरुवातीला वाय १. उत्तर झपाट्याने शून्याकडे जायला हवं. ऑयलरच्या पद्धतीने (आत्ताचा दर धरून छोट्या पायऱ्यांनी पुढचं उत्तर काढायचं) ०.१ ची पायरी घेतली, तर स्क्रीनवर १, −४, १६, −६४, २५६. दोन तास कोडमधली चूक शोधत बसले. कोड बरोबर होता. दर पायरीला वायला (१ − ५० × ०.१), म्हणजे उणे ४ ने गुणलं जात होतं, एवढंच. पायरी ०.०१ केली की गुणक ०.५ होतो आणि गाडी रुळावर येते. गुणक उणे १ च्या खाली जाऊ नये म्हणून पायरी ०.०४ च्या खाली ठेवायची, हे कागदावर दोन ओळींत निघालं असतं.

म्हणून उत्तर आलं की लगेच खूश होऊ नका. एकक जुळतं का? एखादा आकडा शून्य केला तर अपेक्षित तेच येतं का? पायरी निम्मी केल्यावर उत्तर फारसं हलत तर नाही? हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६१ मध्ये हवामानाचं मॉडेल पुन्हा चालवताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरलं आणि थोड्याच वेळात दोन अंदाज पार वेगळे झाले. त्यांनी ते मशीनचा बिघाड म्हणून सोडून दिलं नाही, मागे लागले. त्यातूनच सुरुवातीच्या बारीक फरकाने पुढचं सगळं कसं बदलतं हे दाखवणारा १९६३ चा त्यांचा प्रसिद्ध पेपर आला.

मॉडेलिंगच्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यांना एकदम सगळंच घालायचं असतं. लोकसंख्येचा विषय असेल तर आधी नुसती घातांकी वाढ घ्या, ती कुठे मोडते ते बघा, मग वाढीला मर्यादा घालणारं पद समीकरणात जोडा. आमच्या गटाने पहिल्याच दिवशी अकरा पॅरामीटर घातले होते. त्यातले सात कुठून आणायचे, हे सबमिशनच्या आदल्या रात्रीपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं.

परीक्षेचं म्हणाल तर जुने पेपर घड्याळ लावून सोडवा, बाकी काही गुपित नाही. आणि प्रॉबॅबिलिटी शेवटच्या वर्षावर ढकलू नका. मी ढकलली, आणि स्टोकॅस्टिक प्रोसेसेसच्या (काळानुसार योगायोगाने बदलणाऱ्या गोष्टींच्या गणिताच्या) वर्गात पहिले तीन आठवडे नुसती फळा उतरवून घेत होते.