डिजिटल लायब्ररीचा पैसा कापतायत? मग हे करा

लायब्ररीच्या ॲपवरची ई-बुक्स गायब व्हायला लागली की सगळे चिडून पोस्टी टाकतात, पण तोवर बजेट मंजूर होऊन गेलेलं असतं. म्हणून आधी हे शोधा की पैसा नक्की कोण देतं, मसुदा कधी येतो आणि हरकती-सूचना कधीपर्यंत घेतात. कपातीचा निर्णय एकीकडे आणि आपला मोर्चा भलत्याच ऑफिसवर, असं फार होतं.

भेटीला गेलात की एक प्रश्न हमखास येणार, "घेतलेली पुस्तकं आहेतच की, ती कुठे जाणारेत?" इथेच खरी मेख आहे. लायब्ररी ई-बुक सहसा विकत घेत नाही, लायसन्स घेते, आणि ते मुदतीचं असतं नाहीतर मोजून दिलेलं, हार्परकॉलिन्स या प्रकाशकाने २०११ मध्ये २६ वेळा वाचायला दिलं की लायसन्स संपलं असा नियम आणला होता. म्हणजे एक वर्ष पैसे थांबले की नवीन येत नाहीच, वर असलेलंही जातं. हे नीट समजावून सांगा, बऱ्याच लोकप्रतिनिधींना खरंच माहीत नसतं.

आणि कात्री आधी डिजिटल लायब्ररीलाच लागते, कारण इमारत बंद केली तर दिसतं, ॲप बंद केलं तर कुणाला कळतही नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या १४ मार्च २०२५ च्या आदेशाने लायब्ररींना पैसे देणाऱ्या केंद्रीय संस्थेवर गदा आली, तेव्हा मिसिसिपीत हूपला या लायब्ररी ॲपवरची ई-बुक्स त्याच महिन्यात थांबली. पुढे २१ राज्यं कोर्टात गेली आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला.

लायब्ररीकडून आकडे मागा, वर्षभरात किती पुस्तकं वाचायला गेली, वेटिंग किती आहे, खर्च किती. त्याला जोडून ज्यांचं खरंच अडतं त्यांना बोलू द्या, अंध वाचक, रात्रपाळीवाले, लायब्ररीपर्यंत पोचू न शकणारे. कॉपी-पेस्ट केलेल्या शंभर मेलपेक्षा स्वतःच्या शब्दांतली चार पत्रं बरी (ऑनलाइन सह्यांची मोहीम मला तर टाइमपासच वाटते). पत्रात मागणी एकच ठेवा, बजेटमधल्या अमुक हेडखालची (म्हणजे खर्चाच्या शीर्षाखालची) रक्कम गेल्या वर्षीएवढी करा. "वाचनसंस्कृती वाचवा" वगैरे लिहिलंत तर साहेब मान डोलावतील आणि फाइल बंद.

लायब्ररीतल्या स्टाफला मात्र पुढे करू नका, त्यांची नोकरी असते, उघड बोलता येत नाही, त्यांचे व्हिडिओ तर अजिबात नको.

भेट झाली की त्याच दिवशी मेल टाका, काय कबूल केलं ते लिहून, आणि अंतिम बजेट आलं की तो हेड स्वतः उघडून बघा, कारण कधीकधी रक्कम तीच दिसते पण दोन योजना एकत्र करून टाकलेल्या असतात.