पाळणाघराची तपासणी आहे? या चुका टाळा

तपासणीला मॅडम येणार म्हटलं की आदल्या दिवशी अंगण सारवलं जातं, भिंतीवर नवे तक्ते लागतात, प्रथमोपचाराची पेटी पुसून समोर मांडली जाते. पहिली चूक हीच. मॅडम तासाभरात परत जातात. लेकरं मात्र दुसऱ्या दिवशी त्याच घरात येतात. हिंगणघाटजवळच्या आमच्या गावात मी राहत्या घरीच पाळणाघर चालवते. कापूस वेचणीच्या दिवसांत आठ-नऊ लेकरं असतात.

उभ्या-उभ्या घर तपासू नका. दारापासून मोरीपर्यंत रांगत जा. मी पहिल्यांदा रांगले तेव्हा बाजेखाली, अगदी भिंतीला लागून, उंदराच्या औषधाची वडी सापडली. पोळ्याच्या आधी ठेवलेली, सगळे विसरून गेलेले. तिच्या शेजारीच एका लेकराचा खुळखुळा पडला होता. त्या दिवशी माझे हातपाय गळाले.

मला सगळ्यात जास्त धास्ती कुलरची. आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, कुलर बंद ठेवून लेकरं झोपणार नाहीत. पण लोखंडी बॉडी, खाली पाणी, आणि सॉकेटात बसत नाही म्हणून तिसरी पिन कापलेली, असं घरोघरी दिसतं. ती जाड पिनच अर्थिंगची असते. पंपाची वायर सोलली की करंट बॉडीत उतरतो आणि ओल्या पायांचं लेकरू तिलाच धरून उभं राहतं. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. बोर्डात 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा खटका, बसवा, महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटन दाबा; खटका पडला नाही तर तो निकामी समजा. पाणी भरताना नुसतं बटन बंद करून भागत नाही, पिनच काढायची. तपासणी हिवाळ्यात झाली तर कुलर माळ्यावर असतो, त्याचं कोणी विचारत नाही. म्हणून होळीच्या आधी आपणच पाहायचं.

दुसरं भय फवारणीचं. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून जास्त माणसं गेली, तीही मोठी माणसं. तरी बाप फवारा मारून थेट लेकरू न्यायला येतो, तेच कपडे, तेच हात. मी दारातच साबण आणि बादली ठेवली आहे. हात धुतल्याशिवाय लेकरू देत नाही. पंप आणि डबे कुंपणाबाहेर. औषधाच्या रिकाम्या बाटलीत तेल, रॉकेल काहीही भरू नका. लेकराने चुकून काही प्यायलंच, तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका. 108 ला फोन करा आणि ती बाटली सोबत दवाखान्यात न्या.

हात धुवायची ती बादलीही संध्याकाळी पालथी करते. रांगणाऱ्या लेकराला बुडायला दोन इंच पाणी पुरतं. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, ढीग भिंतीला टेकवू नका, त्यात साप-विंचू राहतात. फुटाणे, शेंगदाणे लहान लेकरांना अख्खे देऊ नका.

रजिस्टरमध्ये सगळे हजेरी लिहितात, पण लेकरू कोणाच्या हाती दिलं ते लिहीत नाहीत. दिवेलागणीला आई वावरातून परतलेली नसते आणि ‘मी तिचा दीर’ म्हणत कोणीतरी दारात उभा राहतो. नेणाऱ्या दोघांची नावं आईकडून आधीच लिहून घ्या. तिसरा कोणी आला, ओळखीचा असला तरी, आईला फोन लागेपर्यंत लेकरू माझ्याजवळच थांबतं.