मुंबई–न्यूयॉर्क हवाई अंतर मुलांकडून काढून घेण्याआधी

पृथ्वीगोल, दोरा, मोजपट्टी, कॅल्क्युलेटर. हे सगळे आणतातच. मला सांगायचंय ते उणे चिन्हाबद्दल. पश्चिम रेखांशाच्या आधी उणे लिहायचं. वहीत, फळ्यावर, तक्त्यावर, सगळीकडे.

गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनात मी नेमकं तेच विसरले. मुंबई विमानतळाचा रेखांश ७२.८७ पूर्व, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचा ७३.७८ पश्चिम. आकडे इतके सारखे, की उणे गळलं की दोन्ही शहरं जवळजवळ एकाच रेखावृत्तावर येतात. आमचं उत्तर आलं २,४०० किलोमीटर. म्हणजे न्यूयॉर्क समजून आम्ही किरगिझस्तानातल्या ओश शहरापलीकडच्या डोंगरांपर्यंतचं अंतर काढलं होतं! तक्ता रंगवूनही झाला होता. बघायला आलेल्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग माझ्या मावशीला पंधरा-सोळा तास का लागतात?" तक्ता करणारी मुलं शेजारीच उभी होती. त्यांची मेहनत माझ्या चुकीने वाया गेली.

म्हणून आधी दोरा, मग अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढायचं सूत्र. हा क्रम बदलू नका. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर. दोरा ताणून धरला की मुंबई ते न्यूयॉर्क साडेएकोणतीस सेंटिमीटर भरतो, म्हणजे सुमारे १२,५०० किलोमीटर. आम्ही दोरा धरला असता तर २,४०० हा आकडा तिथल्या तिथे खोटा ठरला असता, कारण तो जेमतेम साडेपाच सेंटिमीटर होतो.

ताणलेला दोरा मॉस्कोजवळून, आइसलंडवरून जातो. मुलं चकित होतात, होऊ द्या. भिंतीवरचा सपाट नकाशा मात्र त्या तासाला गुंडाळून ठेवा. त्यावर पट्टी लावली की ती अरबस्तान, उत्तर आफ्रिकेवरून जाते, आणि तोच जवळचा रस्ता असं मुलांच्या डोक्यात बसतं. मग ते काढता काढता तास संपतो.

अक्षांश मुंबईचा १९.०९, न्यूयॉर्कचा ४०.६४, दोन्ही उत्तर, म्हणून दोन्ही अधिक. रेखांश? न्यूयॉर्कचा उणे. कोणी अंश-कला लिहून आणले असतील तर कलांना ६० ने भागा. ४० अंश ३८ कला म्हणजे ४०.३८ नव्हे, ४०.६३. कॅल्क्युलेटर अंशांवर आहे की रेडियनवर, ते प्रत्येकाचं स्वतः बघा, मुलं "हो बाई" म्हणतात आणि बघत नाहीत.

सूत्रात पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. सागरी मैल हवे असतील तर १.८५२ ने भागा. विमान वारा आणि हवाई हद्दी बघून वळतं, त्यामुळे प्रत्यक्षात जास्त उडतं, हे एका वाक्यात सांगा. बाकी तक्ता, रंग, नावं मुलं करतील. रंग देण्याआधी आकडा तेवढा तुम्ही वाचा: उणे ७३.७८.